लाल शाईत ‘गेली’

आमच्या क्लासच्या रजिस्टरात लाल शाईचे दोनच शब्द असायचे. पोरगा बारावीला आपटला, की त्याच्या नावापुढं आकाराममामा लिहायचे ‘पुन्हा’. पोरीचं नाव निकालात सापडलं नाही, की तिच्यापुढं लिहायचे ‘गेली’. बारा वर्षांची बारा रजिस्टरं होती. त्यांत एकाही पोरीपुढं ‘पुन्हा’ नव्हतं आणि एकाही पोरापुढं ‘गेला’ नव्हतं. तेव्हा मला त्यात काहीच खटकलं नव्हतं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

क्लास कोल्हापूरच्या राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, गणपतराव सरांचा. बारावी सायन्सचा. मी तिथलं ऑफिस सांभाळायची. प्रवेशाचे फॉर्म घ्यायचे, टेस्टचे पेपर टाइप करायचे आणि चिडून आलेल्या पालकांना गोड बोलून परत पाठवायचं. माझ्या आधी हे सगळं आकाराममामा करायचे. मी आल्यावरही दर जूनला तेच कॉलेजा-कॉलेजांतून निकालाच्या याद्या आणायचे, रजिस्टरातलं एकेक नाव पट्टी ठेवून त्या यादीत शोधायचे आणि मग लाल पेन उघडायचे. माणूस अत्यंत प्रामाणिक. एका नावासाठी अर्धा दिवस घालवेल.

दोन हजार तीनच्या जानेवारीत सरांचा मुलगा राजवीर पुण्याहून कॉम्प्युटरची डिग्री घेऊन आला. त्यानं ती रजिस्टरं चाळली आणि खूश झाला.

“मॅडम, ह्या कपाटात सोनं पडलंय. सगळं टाइप करा. कुठलं पोर पुढं जाणार आणि कुठलं नाही, ते कॉम्प्युटर आधीच सांगेल.”

मी टाइप केलं. तीन महिने. दोन हजार एकशे चौदा ओळी. नाव, मुलगा एक, मुलगी दोन. दहावीचे मार्क. गाव: कोल्हापूर एक, तालुका दोन, खेडं तीन. बापाचा धंदा: डॉक्टर-वकील एक, आणि असं उतरत उतरत शेती-कामगार चार. शेवटी निकाल: यश एक, गेली दोन, पुन्हा तीन. ‘पुन्हा’ला राजवीर नापास धरत नव्हता. तो पोरगा अजून प्रयत्नात आहे, असं त्याचं म्हणणं. काही पोरं तीन-तीन वर्षं प्रयत्नात होती. त्यांचे बाप खत घालत होते आणि ती वाढत होती.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या रजिस्टरात एक नाव आलं: सुष्मिता गुरुसिद्ध माळगे, शिवाजी पेठ. पुढं लाल शाईत ‘गेली’.

ती मीच.

बारावीच्या मधेच, डिसेंबरात माझं लग्न झालं. सासर गडहिंग्लजचं. शैव घर, सुनेचं नाव देवाचं पाहिजे म्हणून बसवेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ताटात पसरलेल्या तांदळांत अंगठीनं ‘शांभवी’ लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण सासूबाई, हिराबाई, वेगळ्याच निघाल्या. सोळाव्या दिवशी म्हणाल्या, “नाव बदललंय, डोकं न्हाय. परीक्षेला बस.” पुढच्या वर्षी मी गडहिंग्लजातून बारावी झाले, शहात्तर टक्के, आणि मग बी. एस्सी., फर्स्ट क्लास. सगळं शांभवी बसवेश शेटे ह्या नावानं. आकाराममामांनी पट्टी ठेवून सुष्मिता माळगे शोधली असणार. ती कुठल्या यादीत सापडणार होती?

नव्व्याण्णवला आम्ही कोल्हापुरात राहायला आलो, बसवेशनं दुकान टाकलं आणि मी नोकरी मागायला सरांकडं गेले. सांगितलं, की मी तुमचीच विद्यार्थिनी. सर म्हणाले, “अस्सं?” आणि टायपिंगचा स्पीड विचारला.

तर माझं ते जुनं नाव बघून मला हसू आलं. निकालाच्या रकान्यात मी माझ्यापुढं दोन टाइप केलं आणि खालच्या ओळीकडं वळले. मी, फर्स्ट क्लास. बोटांना सवय झालेली असते, पण ते कारण नव्हे. मला ते महत्त्वाचंच वाटलं नाही.

मे महिन्यात गल्लीच्या तोंडाला बोर्ड लागला: ‘कोल्हापुरात प्रथमच, कॉम्प्युटरद्वारे निवड तुकडी’. चाळीस जागा. त्या तुकडीला सर स्वतः शिकवणार, राहायला हॉस्टेल देणार. बाकीच्यांना साधी तुकडी, तिथं सर फक्त गॅदरिंगला दिसायचे. ज्याचा ‘यशांक’ साठच्या वर, तो निवड तुकडीत. यशांक कॉम्प्युटर काढणार, त्यामुळं वशिला नाही, भेदभाव नाही, असंही बोर्डावर होतं. ते वाक्य मीच टाइप केलं होतं.

त्या आठवड्यात वारणानगरहून पोवार आले. हंबीरराव, त्यांची बायको चिमणाबाई आणि मुलगी क्रांती. हंबीरराव साखर कारखान्यात कामगार, राहायला कामगारांच्या वसाहतीत. क्रांतीला दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के, अकरावीत कॉलेजात पहिली. फॉर्म भरताना तिनं माझ्या टेबलावरचा केमिस्ट्रीचा टाइप केलेला पेपर उलटा वाचला आणि म्हणाली, “मॅडम, चौथ्या प्रश्नात समीकरण बॅलन्स न्हाय झालं.” खरंच झालं नव्हतं. मला ती पोरगी तिथंच आवडली.

हंबीररावांनी खिशातून पाकीट काढून मला वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. क्रांतीचा अंगठ्याएवढा फोटो. मग खुर्ची पुढं ओढून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

“मॅडम, खरं सांगतो. भावांनी एक स्थळ आनलंय. ऑक्टोबरात पोरगी अठराची हुतीया. भावकी म्हनतीया, पोरीवर कशाला घालवतोस, उरकून टाक. मी म्हटलं, थांबा. कोल्हापुरात कांपुटर बसवलाय. तो काय मामा-काका बघत न्हाय. त्यानं घेतली आत, तर पोरगी शिकनार, डॉक्टर हुनार. न्हाय घेतली, तर मी तोंड उघडनार न्हाय. शबुद दिलाय भावांस्नी.”

चिमणाबाई टेबलावरच्या कॉम्प्युटरकडं बघत होत्या आणि निघताना त्यांनी त्याला हळूच हात लावून तो हात कपाळाला लावला.

यादी लागली त्या दिवशी क्लासच्या दारात पेढे वाटले जात होते. चाळीस नावं. सदतीस पोरं, तीन पोरी. तिघी राजारामपुरी-ताराबाई पार्कातल्या, तिघींचे बाप डॉक्टर. प्रत्येक फॉर्मचा एक छापील कागद निघायचा, तो पालकांना द्यायचं काम माझं. क्रांतीचा कागद हातात आला, तेव्हा मला वाटलं प्रिंटर चुकला.

“किती पडलं ओ?” हंबीररावांनी विचारलं.

“अडतीस.”

हंबीरराव मोठ्यानं हसले. “मग पास की! पस्तिसाला पास असतंय!” त्यांनी बायकोकडं बघितलं. चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

क्रांती माझ्याकडं बघत होती. तिला सगळं कळलं होतं. मॅडम, गप्प बसा, असं ती डोळ्यांनी सांगत होती. एवढंच करायचं होतं मला. हसून म्हणायचं होतं, की हो पावणं, पास झाली, निवड तुकडी भरली पण साध्या तुकडीत घालू, पोरगी हुशार आहे, काढेल नाव. त्या माणसाला तेवढं पुरलं असतं. भावांपुढं जाऊन त्यानं छाती ठोकून सांगितलं असतं.

पण मला बरोबर असण्याची खोड. मी म्हणाले, “नाही ओ, हे मार्क नाहीत. हिच्यासारख्या शंभर पोरी घेतल्या, तर त्यांतल्या अडतीसच पुढं जातात, असं कॉम्प्युटर म्हणतोय. साठ पाहिजेत.”

“आनि बाकीच्या बासष्ट?”

“त्या मधेच सोडतात. लग्नं होतात.”

हंबीररावांनी त्या कागदाची घडी केली आणि कात्रणाच्या पाकिटातच ठेवली.

“मग आमचं भाऊ तेच म्हनत्यात की,” ते म्हणाले.

ते गेल्यावर मी राजवीरच्या केबिनमध्ये शिरले. दारावर टकटक केली नाही. म्हटलं, ही अकरावीत पहिली आलेली पोरगी आहे, हिला अडतीस कसे?

राजवीर तसा सभ्य मुलगा. आवाज चढवत नाही, बसा म्हणतो. त्यानं क्रांतीची ओळ काढली. “बघा. मुलगी, म्हणून इतके वजा. खेडं, म्हणून इतके. बाप कामगार, म्हणून इतके.” मग त्याला वाटलं, मला समजत नाहीय. म्हणून त्यानं गंमत करून दाखवली. लिंगाच्या रकान्यात दोन होतं, तिथं एक टाकलं. बाकी सगळं तेच. तेच मार्क, तेच वारणानगर, तोच बाप. एंटर मारलं. एकसष्ट.

“बघितलं? पोरगा असता तर बसला असता,” तो म्हणाला, आणि दोनाचं बटण परत दाबलं.

माणसं तोंडावर म्हणतात, पोरगी आहे, कशाला शिकवायची, तेव्हा निदान त्यांच्याशी भांडता येतं. इथं भांडायला समोर तोंडच नव्हतं. पडद्यावर हिरवा आकडा होता आणि त्याच्या मागं बसून एक सभ्य मुलगा चहा पीत होता.

“मी नाही म्हणत, मॅडम. डेटा म्हणतोय,” राजवीर म्हणाला. “आणि डेटा तर तुम्हीच टाइप केलाय.”

मी म्हटलं, चारशे सतरा नंबरची ओळ काढ. त्यानं काढली. सुष्मिता माळगे. गेली. मी म्हटलं, ती इथं तुझ्यासमोर उभी आहे, फर्स्ट क्लास बी. एस्सी. पगार घेऊन तुझा डेटा टाइप करणारी. नाव बदललं म्हणून तुमच्या मामांना सापडली नाही. अशा किती असतील?

सरांना बोलावलं. सरांनी ओळ बघितली, मला बघितलं आणि त्यांना आनंद झाला. “अरे वा! तू आपल्याच क्लासची? मग जाहिरातीत फोटो टाकूया की तुझा. ‘संसार सांभाळून यश’.” फोटो! चार वर्षं मी ह्या माणसाच्या समोर बसत होते.

पुढचे पंधरा दिवस मी आकाराममामांच्या घरी जात होते, शिवाजी पेठेत. रजिस्टरात एकशे त्रेसष्ट ‘गेली’ होत्या. मामांना पोरींची माहेरं आठवत होती. त्यांचा चेहरा उतरला होता. “पोरी, मी नावं शोधत हुतो गं. नावंच बदलत्यात ते माझ्या टकुऱ्यात कसं आलं न्हाय? माझ्या घरात तीन सुना हायत, तिघींची नावं मीच सुचवलीत.” फोन केले, पत्रं टाकली, काही घरांतून मला दारातनंच परत पाठवलं. पण अकरा सापडल्या. बारावी झालेल्या, पुढं शिकलेल्या. दोघी शिक्षिका, एक बँकेत. आणि एक तर दहाव्या गल्लीतली डॉक्टरीणबाई, जिच्याकडं मागच्याच वर्षी सरांच्या मोठ्या सुनेचं बाळंतपण झालं होतं. त्या बाई आमच्या नव्वदच्या रजिस्टरात ‘गेली’ होत्या.

ही यादी मी सरांपुढं ठेवली. राजवीरनं अकरा ओळी सुधारल्या आणि क्रांतीचा आकडा पुन्हा काढला. एक्केचाळीस.

“वाढले की तीन,” तो म्हणाला.

मी म्हटलं, उरलेल्या दीडशे शोधायला मला वर्ष दे. आणि तोवर ‘पुन्हा’ला पण ‘गेली’सारखंच धर. दोघांचंही वर्ष गेलं ना? त्यानं सहज म्हणून तसं करून बघितलं. निवड तुकडीतल्या सदतीस पोरांतली एकोणीस साठच्या खाली घसरली. सर खुर्चीतून उठले.

“अहो मॅडम, तो पोरगा प्रयत्न करतोय. त्याला नापास कसं म्हणायचं?”

“आणि पोरगी?”

“पोरगी गेली ना!” सर म्हणाले. चिडून नव्हे. मला साधी गोष्ट कळत नाही, म्हणून समजावून सांगत होते.

यादी लागलीय, पेढे वाटून झालेत, आता काही बदलणार नाही, असं ठरलं. मी नोकरी सोडली नाही. सोडायला हवी होती, असं मला रोज सकाळी वाटायचं आणि रोज सकाळी मी डबा भरायची.

रविवारी मी वारणानगरला गेले. पोवारांच्या दोन खोल्यांत बसून हंबीररावांना सगळं समजावलं. रजिस्टर, नावं बदललेल्या पोरी, ‘गेली’ आणि ‘पुन्हा’. क्रांती दाराला टेकून ऐकत होती. मी म्हटलं, तो आकडा खोटा आहे. माझ्यासारख्यांना गेली म्हणून काढलेला आहे. एक्केचाळीसचा नवा कागद मी पुढं केला.

हंबीररावांनी तो घेतला नाही. ते चिडले नव्हते, थकले होते. “मॅडम, तवा तुमीच सांगिटलासा की. मी तर पास समजत हुतो. तुमी शिकल्याली मानसं. एकदा सांगतासा बासष्ट जात्यात, आता सांगतासा जात न्हाईत. मी भावांस्नी काय सांगू? शबुद दिऊन बसलोय. सुपारी फुटली.”

चिमणाबाईंनी मला चहा दिला. तो मी कसाबसा प्याले. क्रांती बस स्टॉपपर्यंत आली, तेव्हा तिनं एकच विचारलं.

“पोरास्नी ‘पुन्हा’ लिवत्यात? नापास झाला तरी?”

“हो.”

“बरं हाय की,” ती म्हणाली.

लग्न मार्गशीर्षात, रविवारी होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी राजवीर सहामाहीची माहिती भरून घेत होता. कोण क्लासला येतंय, कोण नाही. साध्या तुकडीच्या यादीत क्रांतीचं नाव होतं, कारण मे महिन्यात फॉर्म भरला होता. एकदाही आली नव्हती. “हिचं काय?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, उद्या लग्न आहे. “मग टाका दोन.” मी टाकलं. मी नसतं टाकलं तर त्यानं टाकलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. राजवीरनं काहीतरी हिशेब केला आणि खूश होऊन मान हलवली. त्याचं भाकीत बरोबर येण्याचं प्रमाण सत्त्याऐंशी टक्क्यांवरून अठ्ठ्याऐंशीवर गेलं होतं. “बघा मॅडम, तुम्ही उगाच भांडत होता. म्हणालं होतं तसंच झालं की.”

त्या क्षणी मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. माझ्या बोटांवरही.

कार्यालयात गर्दी होती. अक्षता पडल्या, जेवणाची पंगत बसली, आणि मग ताट आणलं. तांदूळ पसरले. नवऱ्या मुलानं अंगठीनं लिहिलं, ‘राजलक्ष्मी’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हंबीररावांनीही वाजवल्या, आणि डोळे पुसले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तांदळातलं ते नाव वाचताना मला जूनमधली निकालाची यादी दिसत होती, तिच्यावर ठेवलेली पट्टी दिसत होती.

आहेर द्यायला वर गेले. क्रांती वाकली आणि माझ्या कानाशी आली. मुंडावळ्या माझ्या गालाला लागल्या.

“मॅडम, माझ्यापुढं लिवलं का न्हाय अजून?”

खोटं बोलता आलं असतं. मे महिन्यात बोलायला हवं होतं तेव्हा मी खरं बोलले होते.

“लिहिलं,” मी म्हटलं. “काल. मीच टाइप केलं.”

तिनं मान हलवली. तिच्या मागं फोटोवाला ओरडत होता, पुढं रांग लागली होती. ती भराभरा म्हणाली, “ते खोडा. पोरांच्यासारखं ‘पुन्हा’ लिवा. मी बसनार हाय परीक्षेला. नाव दुसरं असंल, ध्येनात ठेवा.”

मी बसमध्ये तोंड खिडकीकडं करून रडले.

सोमवारी सगळ्यांच्या आधी क्लासला गेले. यंदाचं रजिस्टर काढलं. क्रांती हंबीरराव पोवार. लाल पेननं तिच्या नावापुढं लिहिलं ‘पुन्हा’, आणि खाली तिचं नवं नाव आणि सासरचा पत्ता. बारा वर्षांत पहिल्यांदा एका पोरीपुढं तो शब्द आला होता. मग कॉम्प्युटर सुरू केला आणि तिची ओळ काढली. लिंग दोन. निकाल दोन. तो दोन खोडून तीन टाकला आणि एंटर मारलं.

कॉम्प्युटर टुंक करून वाजला. पडद्यावर चौकोन आला: ‘चुकीची नोंद’.

मला वाटलं, बोट चुकलं. परत तीन टाकला. परत टुंक. मग माझ्या लक्षात आलं. रजिस्टरांत जे कधी आलंच नाही, ते राजवीरनं प्रोग्राममध्ये ठेवलंच नव्हतं. लिंग दोन असेल तर निकाल एक किंवा दोन. तीन चालत नाही.

एवढ्यात राजवीर आला. हेल्मेट टेबलावर ठेवत म्हणाला, “मॅडम, सकाळी सकाळी कशाला वाजतंय ते?”

मी तीन टाकला आणि एंटर मारलं.